बाबांचा प्लॉट

त्या रविवारी बाबा आणि मी तिवऱ्याची पालेभाजी निवडत बसलो होतो. सिलतऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं राबून घेतलेला एकुलता एक प्लॉट बाबांना मुलींच्या वसतिगृहासाठी बुद्धविहाराला द्यायचा होता.

"पगाराचा विसावा हिस्सा समाजाला देतच आले ना तुम्ही? आता पेन्शनमधून द्या. जमीन काहून?" मी विचारलं.

"पेन्शन माझ्यासंग संपते, पोट्टी. जमीन राहते. तू हव म्हण, उद्याच कागद करतो."

मी ना हव म्हटलं, ना नाही; भाजी निवडत राहिले. दुसऱ्याच पहाटे बाबा वारले.

प्लॉट माझ्या एकटीच्या नावावर येणार होता. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात विहारातल्या भन्तेजींनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. मी बाबांच्या फोटोसमोर उभी राहिले.

"हव, बाबा," मी मोठ्यानं म्हणाले.