सहावा दोष

गिटारी विकायचं काम संघर्षवर सोपवलं, ही सलिलची चूकच झाली. चाकणच्या कंपनीत ब्रेकचे पाइप तपासण्यात ज्याची अकरा वर्षं गेली, त्याला वस्तूचे गुण कुठून दिसणार? दोष मात्र लांबूनही दिसतात, आणि एकदा दिसले की लिहून खाली सही केल्याशिवाय या गृहस्थाला घास गोड लागत नाही.

गिटारी दोन होत्या. दोन्ही हाताने घडवलेल्या, एकेकीची किंमत नव्या मोटारसायकलपेक्षा जास्त. सलिल हिंजवडीत आयटीत होता आणि पगारातला मोठा भाग त्याने या लाकडात घातला होता. सात महिन्यांपूर्वी वाकडला त्याची गाडी घसरली आणि डाव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली. याहून जास्त सुधारणा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याने डिप्लोमाच्या वर्गापासूनच्या या मित्राला पिंपळे सौदागरच्या फ्लॅटवर बोलावून घेतलं.

"रोज डोळ्यांसमोर नकोत मला त्या. विकून टाक. कुणी कारण विचारलं तर कॅनडाला चाललोय म्हण. माझ्या हाताची कीव करत कुणी पैसे मोजलेले मला चालणार नाहीत."

संघर्ष बरं म्हणाला. गिटारी पांढऱ्या चादरीवर ठेवून, शेजारी स्टीलची पट्टी लावून त्याने फोटो काढले आणि प्रत्येक ओरखड्याभोवती लाल गोल केले. जुन्या गिटारीत पाच दोष निघाले. पाठीवर चार मिलिमीटरचा चरा, एक खुंटी सैल, तळाला टवका, भोकाच्या कडेला नखांच्या खुणा, मानेवर अंगठ्याच्या जागी उडालेलं पॉलिश. सगळं त्याने जाहिरातीत क्रमवार लिहिलं. 'विकण्याचं कारण' एवढी एक जागा कोरी सोडली. खोटं लिहून त्याखाली आपलं नाव घालणं त्याच्या जिवावर आलं.

"भावा, तू विकतोयस की रिजेक्ट करतोयस?" सलिल म्हणाला. तीन आठवडे कुणाचा फोन आला नाही. संघर्षला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

मग निगडी प्राधिकरणातून पद्मजाबाईंचा फोन आला. शाळेतून निवृत्त झालेल्या, दोन वर्षांपासून गिटार शिकणाऱ्या. गुरुवारी संघर्षच्या कंपनीला सुट्टी, म्हणून तोच दिवस ठरला, सलिलच्या फ्लॅटवर. सलिल आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"या वयात एवढी महागडी कशाला, असं माझी सून विचारते," बाई सोफ्यावर बसत म्हणाल्या. "तिला म्हटलं, स्वस्तातल्या गिटारीवर हात बसवण्याएवढा वेळ नाही गं माझ्याकडे."

त्यांनी दोन्ही गिटारी पट्टीने मापल्यासारख्या निरखल्या. मग चष्मा काढला.

"जाहिरात आवडली मला तुमची. पण एक जागा कोरी का? मी तीस वर्षं पेपर तपासलेत. सोडलेला प्रश्न मला आधी दिसतो."

संघर्षने तोंड उघडलं. कॅनडा हा तीन अक्षरांचा देश, पण तो काही बाहेर पडेना. "मॅडम, ते मला सांगायचं नाहीये," तो म्हणाला.

"बरं. मग निदान वाजवून दाखवा. माझ्या हातून हिचा खरा आवाज यायचा नाही. मला समोर बसून ऐकायचाय."

"मला येत नाही."

"आणि ज्याची आहे त्याला?"

संघर्षचा चेहरा इतका पडला की बाईंनी विषय सोडून पर्स उचलली. तेवढ्यात आतलं दार उघडलं.

"याला एक साधी थाप मारता येत नाही," सलिल म्हणाला आणि त्याने डावा हात पुढे धरला. "बोटं वळत नाहीत. हे कारण. बसा तुम्ही."

त्याने जुनी गिटार मांडीवर घेतली. सात महिन्यांत पहिल्यांदाच. संघर्षला त्याने डाव्या बाजूला बसवलं. "वरून दुसरी आणि तिसरी तार. दुसऱ्या फ्रेटमध्ये, म्हणजे दुसऱ्या घरात दाब. जोरात, राव! नखं केवढी वाढवलीस? सूर बुडतोय."

संघर्षने दाबली. बोटांत कळ गेली. सलिलच्या उजव्या हाताने तारा छेडल्या आणि खोली भरून गेली. "आता दोन्ही बोटं एकेक तार खाली. आता परत वर." मध्येच सूर फाटत होते, संघर्षला घाम फुटला होता. सलिल शिव्या घालत होता आणि हसत होता. त्याला हसताना बघून संघर्षला रडू येईलसं वाटलं, म्हणून त्याने मान खाली घालून बोटांवर लक्ष ठेवलं.

पद्मजाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून त्यांनी दुसरी, नवी गिटार पेटीत ठेवली.

"मी ही नेते," त्या म्हणाल्या, आणि पैशांत घासाघीस न करता गेल्या.

दार लागल्यावर सलिल पुन्हा आधीसारखा कोरडा झाला. "चला, एक गेली. आता हिचंही बघ. तीही गेली पाहिजे."

"बघतो," संघर्ष म्हणाला. त्याने मोबाइल काढला, जुन्या गिटारीची जाहिरात उघडली, पाचव्या दोषाखाली एक ओळ टाइप केली आणि मोबाइल सलिलच्या हातात दिला.

'सहा: वाजवायला दोन माणसं लागतात.'

सलिलने ती ओळ दोनदा वाचली. मग मोबाइल परत देताना म्हणाला, "पुढच्या गुरुवारी येताना नखं कापून ये."