नदी न ओलांडणारी किल्ली

आमच्या चर्चची किल्ली माझ्या पंज्याएवढी आहे आणि ती नदी ओलांडत नाही. म्हणजे ज्याच्याकडे किल्ली, तोही ओलांडत नाही. कुणाला कधी देवदूताच्या तसबिरीसमोर शपथ घ्यायची असेल, कुणाच्या घरी मयत झालं असेल, तर दार उघडायला माणूस गावात हवं. नवरा गेला तेव्हा मुलगा परदेशात ट्रक चालवत होता, म्हणून किल्ली माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून मी पुलापलीकडचा दवाखानासुद्धा पाहिलेला नाही. दाढ दुखली तर ती बिमुर्झाकाकांच्या पकडीनं निघाली.

हे बिमुर्झाकाका आमच्या गावचे म्होरके. बाईच्या हातातली किल्ली त्यांना पहिल्यापासून खुपायची. "सूनबाई, तुझा दोष नाही गं," ते म्हणायचे, "पण बाईमाणसानं त्या कुलपाला हात लावायचा म्हणजे आमच्या मिशा फुकटच की!" मी मान खाली घालून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, अहो, मग घ्या ना काढून! कोण अडवतंय?

शेवटी त्यांनी मनावर घेतलं. शरदातल्या जत्रेला सगळे पुरुष जमतील तेव्हा किल्ली दुसऱ्या घराला द्यायची, असं ठरलं. बायका माझं सांत्वन करायला आल्या. मी पदर डोळ्याला लावला आणि त्या गेल्यावर दार लावून चक्क नाचले. माझी लेक एतेरी डोंगराखाली कुताइसी शहरात होती, पहिलटकरीण, सासू नाही, जाऊ नाही. जत्रेनंतर तिचे दिवस भरत होते. मी ट्रंक भरून ठेवली, बाळाचे लोकरी मोजे सगळ्यात वर.

त्याच उन्हाळ्यात चर्चची डागडुजी निघाली. जुन्या राजाराण्यांच्या काळातली इमारत, आठशे वर्षांची. दोनदा बर्फाच्या लोंढ्याखाली गाडली गेली आणि दोनदा आमच्याच लोकांनी फावड्यानं उकरून काढली. आता छपरातून पाणी भिंतींवर उतरत होतं आणि रंगवलेले संत फुगून खाली गळत होते. राजधानीतून, त्बिलिसीहून, जुनी भिंतचित्रं दुरुस्त करणारी मक्वाला नावाची बाई आली. चष्मेवाली, बोलघेवडी, माझ्या एतेरीहून थोडी मोठी. ओल्या कापसाच्या बोळ्यांनी ती भिंतीवरची काजळी टिपत बसायची. परका माणूस आत असला की किल्लीवाल्यानं उंबऱ्यावर बसायचं, त्यामुळे मीही दिवसभर तिथंच.

"मावशी, आता कुठला कोपरा घेऊ?" एकदा तिनं विचारलं.

"दारामागचा घे," मी म्हणाले. "तिथं इतकी काजळी आहे की भिंत आहे की चूल, कळत नाही."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आठवड्याभरात त्या काजळीतून एक बाई निघाली. डोक्याला रुमाल, लांब नाक, कपाळाला आठी. संत नव्हती, डोक्यामागं तेजाचं वलय नव्हतं. तिनं छातीशी काहीतरी धरलं होतं, लांबट, वर गोलसर, कडी म्हणा की ज्योत. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा गिलावा कधीच पडून गेला होता.

"मावशी!" मक्वाला ओरडलीच. "किल्ली आहे हो! तुमच्यासारखीच किल्लीवाली! बघू आता कोण म्हणतो बायकांना हक्क नाही ते!"

मी काही म्हणायच्या आत ती बाहेर धावली. पोरगी माझ्यासाठी भांडायला निघाली होती. तिला काय ठाऊक, मला हरायचं होतं.

अख्खा गाव लोटला. बिमुर्झाकाकांनी टोपी काढली आणि त्या बाईला जवळ जाऊन बघितलं. मग सगळ्यांसमोर माझा हात कपाळाला लावला. "चुकलो, सूनबाई. देवदूतानं स्वतः दाखवून दिलं. किल्ली तुझी. तुझ्यानंतर तुझ्याच घरातल्या बाईची."

"अहो, पण माझ्या घरात आता बाई आहेच कुठं?" मी म्हणाले. "लेक दिली परक्या घरी."

"रक्त परकं होतं होय?" कालपर्यंत लग्न झालेली मुलगी त्यांच्या लेखी वाहून गेलेलं पाणी होती.

मी मक्वालाला कोपऱ्यात गाठलं. "मेणबत्ती असेल गं ती. खालचा भाग रंगव ना जरासा."

"जे नाही ते आम्ही रंगवत नाही, मावशी. तिथं साधा चुना भरायचा." मग माझा चेहरा बघून तिचाच उतरला. "तुम्हाला... नको होती?"

मला रडू फुटलं. तिनं काकांना जाऊन प्रामाणिकपणे सांगितलं, की अर्धं चित्र गेलंय, मेणबत्तीही असू शकेल. काका खो खो हसले. "असू दे की! मग मेणबत्ती लावायला तिला दार काय उंदरानं उघडून दिलं?"

जत्रा झाली. ट्रंक तशीच पलंगाखाली राहिली. पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी मी चर्चचं अंगण झाडत होते, तेव्हा फोन आला. मुलगी झाली होती. एतेरीचा आवाज थकलेला होता. नर्स टाके घालत असताना ती मला हाका मारत होती, असं जावयानं सांगितलं. मी हुंदके देत चर्चच्या उंबऱ्यावर बसले. माझी लेक मला हाका मारत होती आणि मी इथं झाडू मारत होते.

काका समोरच्या त्यांच्या घराच्या बुरुजावरून ओरडले, "काय झालं?"

"मुलगी!"

त्यांनी बंदूक आणून हवेत बार काढला. "गावकऱ्यांनो, किल्लीवाली जन्मली रे!" घराघरांतून माणसं बाहेर आली, कुणी दारूची बाटली आणली, कुणी मटण भरलेल्या कुब्दारी रोट्यांचा तवा चढवला. सगळे खरोखरच आनंदात होते.

फोनवर एतेरी म्हणत होती, "आई, रडू नकोस. उन्हाळ्यात घेऊन येते ना तिला. तुझ्या मांडीवर ठेवते."

सात महिने ती मांडी त्या बाळाची वाट बघत होती.

"आणू नकोस," मी म्हणाले.

"काय?"

"तिला नदीच्या अलीकडे आणू नकोस, एतेरी. कधीच नाही. फोटो पाठव."

काका पेला घेऊन आले. "काय म्हणतेय आमची लेक? कधी आणतेय तिला?"

माझ्यामागं दार उघडं होतं. त्यातून तसबिरीतला देवदूत दिसत होता आणि दारामागं ती लांब नाकाची बाई होती. त्या उंबऱ्यावर आमच्या घरातलं कुणी आजवर खोटं बोललेलं नाही.

"उन्हाळ्यात," मी म्हणाले आणि पेला घेतला.