मुक्या गाडीचं वळण

खाणीच्या रस्त्यावर टॉवर पोचत नाही आणि शहाणपणही पोचत नाही. एकच गाडी मावेल असा उतार, मधे आंधळं वळण. गेल्या वर्षी तिथे समोरासमोर धडक झाली आणि एक ड्रायव्हर कायमचा घरी बसला. समोरून गाडी येतेय हे सांगणारं यंत्र ट्रकांत बसवणं महाग, म्हणून मॅनेजरने पाटी लावली: ‘हॉर्न वाजवा’. खडी भरलेल्या ट्रकात स्वतःचाच हॉर्न ऐकू येत नाही, हे त्याला कोण सांगणार?

तोड काढली माझ्या वहिनीने. ती मोबाईल दुरुस्त करते. तिने आम्हा अकरा ड्रायव्हरांच्या मोबाईलमध्ये असं काही टाकलं, की टॉवरशिवायच ते एकमेकांना गाडी कुठे आहे ते कळवतात. समोरून कोणी आलं की वहिनीचाच आवाज येतो, “थांबा, गाडी येतेय.” दादाही याच रस्त्यावर ट्रक चालवतो. तो म्हणायचा, “घरी हीच, गाडीतही हीच. माणसानं जायचं कुठं?” पण थांबायचा.

मग मॅनेजरने फर्मान काढलं: गाडीत मोबाईल नको, गेटवरच्या पेटीत टाका. प्रत्येकाच्या घरी एखादा मेलेला मोबाईल असतोच. पेटी भरली. मला मात्र लपवाछपवी जमत नाही. मी म्हटलं, “माझा चालू आहे आणि चालूच राहणार.”

त्याने माझी चावी काढून नव्या ड्रायव्हरला दिली. त्या बिचाऱ्याने खरा मोबाईल पेटीत टाकलेला. म्हणजे वरून मुकी गाडी उतरणार आणि खालून माझा दादा येणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी घरून खुर्ची नेली आणि वळणावर, दोन्ही बाजू दिसतील अशी बसले. मुकी गाडी दिसली की मोबाईलवर बटण दाबायचं, बाकीच्यांना कळतं.

दुपारी मॅनेजरची जीप वरून भरधाव आली. मी बटण दाबलं. वळण संपताच जीप करकचून थांबली. वीस पावलांवर, रस्ता जरा रुंद आहे तिथे, दादाचा भरलेला ट्रक अंग चोरून उभा होता.

मॅनेजर उतरला. मला पाहून म्हणाला, “तुला काढलंय ना?”

“गाडीतून काढलंय. रस्ता सरकारी आहे.”

तो दादावर घसरला. “आणि तू का थांबलास इथं?”

“तुम्ही येत होता, साहेब,” दादा खिडकीतून म्हणाला. “बायकोनं सांगितलं.”

मॅनेजरने वळणाकडे पाहिलं, मग ट्रकच्या बंपरकडे. बंपर जीपमध्ये बसलेल्याच्या छातीला लागेल इतका उंच होता.

“उद्यापासून मला गाडी द्या,” मी म्हटलं, “नाहीतर इथं सावलीची सोय करा. मी काही उठणार नाही.”