तिसऱ्या शिट्टीची जागा

अनिकाने दोन्ही स्पीकर सोफ्याकडे वळवले आणि लॅपटॉपवर प्ले दाबलं. आधी सिंथसायझरचा एकच लांब स्वर आला, मग त्यातून हळूहळू आईने गायलेला जौनपुरी राग वर आला.

तिचे बाबा, पुरुषोत्तम, सोफ्यावर चहाचा कप धरून ऐकत होते. बायको, लतिका, जाऊन अकरा महिने झाले, पण हा माणूस ना रडला, ना कुणावर चिडला. डबा घेऊन सॅन होजेच्या ऑफिसात जायचा, फ्रीमाँटला घरी परत यायचा, भांडी घासायचा. लोक म्हणायचे, किती धीराचे. धीर कसला डोंबलाचा. आत सगळं बधिर झालं होतं, इतकंच.

लतिकेच्या गाण्याची घरात एकच कॅसेट होती. एका रविवारी ती रियाजाला बसलेली असताना त्यांनीच टेप केलेली. अनिका देशोदेशीचं जुनं गाणं घेऊन त्याखाली इलेक्ट्रॉनिक सूर पसरायची. पहिल्या अल्बममध्ये तिला आई हवी होती. टेप कॉम्प्युटरवर उतरली आणि शेवटी प्लेअरमध्ये गुंडाळली जाऊन तिचे तुकडे झाले. मग अनिकाने फाइल साफ केली. खरखर काढली, मागच्या कुकरच्या शिट्ट्या काढल्या, तानेच्या मध्येच आई काहीतरी ओरडली होती तेही काढलं, आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं.

तान वर चढली. पुरुषोत्तमांनी कप खाली ठेवला, उठून स्वयंपाकघरात गेले, शेगडीचं बटण फिरवून पाहिलं आणि परत येऊन बसले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. गॅस बघून आलो."

"पण गॅसवर काहीच नव्हतं."

"इथे ती सांगते ना. तिसरी शिट्टी झाली की, 'अहो, गॅस.' आणि लगेच सम गाठते." "आज ऐकू नाही आलं. माझंच लक्ष नसेल."

अनिकाने गाणं थांबवलं.

"मी कट केलं ते, बाबा. मला वाटलं, नॉइज आहे. आता परत नाही येणार. आय ॲम सो सॉरी."



"बरं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "पुन्हा लाव."

अनिका उठली. तिने माइक आणला, स्वयंपाकघराच्या दारात ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

पुन्हा सिंथ, पुन्हा जौनपुरी. तान चढली, आणि बरोबर त्याच जागी पुरुषोत्तम उठले. सपाता फरशीवर घासत गेल्या. शेगडीचं बटण खट्ट वाजलं.

"केला गं बंद," ते आतून म्हणाले. "तू गा."