रायबागपर्यंत

पाच्छापूर सोडल्यावर गाडी वळली आणि खिडकीतलं ऊन सरळ समोरच्या म्हातारीच्या डोळ्यांवर आलं. डोळे अर्धवट उघडे होते. त्रिशलानं पान उलटता उलटता सहज मान वर केली होती. म्हातारीनं डोळे मिटले नाहीत, तोंड फिरवलं नाही, तिची भुवईसुद्धा हलली नाही.

शेजारी बसलेल्या माणसानं हात लांब करून तिचा पदर कपाळावरून खाली ओढला.

"झोपलीया," तो त्रिशलाकडं बघून म्हणाला.

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

त्रिशलानं पुन्हा पुस्तकात डोळे घातले. ओळी दिसत होत्या, पण वाचता येत नव्हत्या. पदराखालून म्हातारीची हनुवटी तेवढी दिसत होती. रुळांच्या प्रत्येक सांध्याला ती हनुवटी हलत होती, झोपलेल्या माणसाची हलते तशी नव्हे. बाकावर ठेवलेली पिशवी हलावी तशी.

त्रिशला मगदूम निपाणीची. निपाणीला रेल्वे नाही. गावात तंबाखूच्या वखारी, बाहेर हायवे, त्यावर अखंड धावणाऱ्या बसगाड्या. अशा गावात राहून तिनं निम्मं आयुष्य रेल्वेतल्या जुन्या गुप्तहेरकथा वाचण्यात घालवलं होतं. लग्नाआधी वडिलांच्या कपाटातल्या, लग्नानंतर बाजारपेठेतल्या रद्दीवाल्याकडच्या. तो तिच्यासाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवायचा. नवरा पार्श्वनाथ वखारीतून आला की विचारायचा, "आज कुणाला मारलं?" आणि ती हसून चहा ठेवायला उठायची.

आज सकाळी बेळगावातल्या एका वाचनालयाच्या बायकांनी तिला याच विषयावर बोलायला बोलावलं होतं. इतक्या वर्षांपूर्वीच्या या गोष्टी अजून का वाचाव्याशा वाटतात? त्रिशला भाषणाला उभी राहिली तेव्हा घाबरली होती, पण मग रंगात आली. धावती गाडी म्हणजे बाहेरून कडी घातलेली खोली, ती म्हणाली. आत माणसं मोजकी, आणि खुनी त्यांच्यातलाच. बाहेरचा आत येऊ शकत नाही, आतला पळून जाऊ शकत नाही. वाफेचं इंजिन, बोगद्यातला काळोख, गार्डाच्या हातातला कंदील, हे सगळं आहेच. पण खरी मजा त्या भीतीची. ती भीती आपण तिकीट काढून घेतलेली असते. गाडी मुक्कामाला पोचायच्या आत कुणीतरी हुशार माणूस उभा राहणार, सगळा उलगडा करणार, आणि आपण पांघरूण ओढून झोपणार.

टाळ्या पडल्या. मग मागून कुणीतरी विचारलं, "तुम्ही स्वतः रेल्वेनं कितीदा जाता हो?" आणि सगळ्या हसल्या, कारण ती बसनं आली होती. त्या हसण्यामुळंच तिनं परतीला दुपारची पॅसेंजर धरली. पार्श्वनाथ चिकोडी रोड स्टेशनला गाडी घेऊन येणार होता.

आता तिच्या कप्प्यात ती, तो माणूस आणि ती म्हातारी एवढेच होते. पलीकडं दोन कप्पे सोडून कॉलेजची पोरं कानात यंत्रं घालून बसली होती. त्यांना हाक मारली तरी ऐकू गेली नसती.

माणूस पन्नाशीचा असेल. पांढरा सदरा, पांढरी विजार, दाढी वाढलेली. त्याचा डावा हात म्हातारीच्या मनगटावर होता. सोडत नव्हता. मनगटाच्या वर काळंनिळं झालेलं होतं, कुणी घट्ट आवळून धरल्यासारखं. गोष्टीतला गुप्तहेर ते पाहून काहीतरी बोलला असता. त्रिशलानं नुसती नजर वळवली.

तिनं पर्समध्ये हात घालून फोन चाचपला. रेंज नव्हती. पुस्तक मिटून ती उठली.

"आक्का," तो माणूस हळू आवाजात म्हणाला. "बसा."

त्यानं पाय पुढं केला नव्हता. तरी आता बाकांमधून जायचं तर त्याच्या गुडघ्याला घासून जावं लागलं असतं. त्रिशला खाली बसली.

गाडी शेतांमधून चालली होती. उसाचे फड, मधेच विटांची भट्टी, एका बांधावर उभी असलेली बाई. ती बाई गाडीकडं बघत होती. त्रिशलाला वाटलं, हात बाहेर काढून तिला काहीतरी सांगावं. तोवर ती मागं पडली.

"तुमास्नी कळलंय," माणूस म्हणाला.

"काय?" त्रिशलानं विचारलं.

"आई हाय माझी. अंबुबाई." त्यानं घसा खाकरला. "सुळेभावीला बोलत हुती. पाच्छापूरला न्हाय."

बेळगावापासून त्रिशला यांच्या समोरच बसली होती. सुळेभावीला ही बाई बोलत होती? काय बोलत होती? तिला आठवेना. तेव्हा पुस्तकात एक माणूस अंधाऱ्या डब्याचं दार उघडत होता आणि तिनं श्वास रोखून धरला होता.

"मग… मग कुणाला तरी सांगायला पाहिजे. गार्डाला. पुढच्या स्टेशनला."

"तेच नको." तो पहिल्यांदाच तिच्याकडं नीट वळला. डोळे लाल होते. "दवाखान्यात सांगितलं, घरी न्या, आता काय न्हाय. मोटारीत तिला मळमळतंय, म्हणून रेल्वेनं न्हे म्हणाली. आता सांगितलं तर मधेच उतरून घेत्यात. पोलीस, पंचनामा. मग चिरत्यात. लई भ्यायची ती त्याला. मला चिरू देऊ नको भरमा, म्हणाली. मी हो म्हणलो." तो थांबला. "रायबागला भण यायली न्यायला. रायबागपर्यंत गप्प ऱ्हावा. एवढंच."

चिकोडी रोडच्या पुढचंच स्टेशन रायबाग. फार लांब नव्हतं. पण त्रिशलानं इतकी पुस्तकं वाचली होती की तिला ठाऊक होतं, ज्यानं खरंच मारलं असेल तोही हेच सांगेल. असंच खाली बघून, याच आवाजात. मनगटावरचं ते निळं सुईमुळं असेल, किंवा बोटांमुळं. दोन्ही सारखंच दिसतं हे तिला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

ती पुढं वाकली आणि म्हातारीच्या मोकळ्या हाताला तिनं बोट लावलं. हात कोमट होता. उन्हानं की आतून, ते कळायला मार्ग नव्हता. तिनं बोट मागं घेतलं आणि आपल्या पदराला पुसलं. भरमानं ते पाहिलं. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेनं भीती कमी झाली नाही.

घटप्रभा आलं. खूप माणसं चढली, दुसऱ्या डब्यांकडं पांगली. एक बाई टोपली घेऊन त्यांच्या कप्प्यात आली, म्हातारीकडं पाहून म्हणाली, "खिडकीपाशी जरा सरकवा की वो अज्जीला."

"बरं न्हाय तिला," भरमा म्हणाला. "वकारी हुत्यात."

बाई नाक मुरडून पुढं गेली. गाडी हलली आणि डब्याच्या टोकाला दोन खाकी माणसं दिसली. रेल्वे पोलीस. बाकांखाली वाकून बघत, पिशव्यांना काठी लावत ते एकेक कप्पा पुढं येत होते.

भरमानं त्यांना पाहिलं. तो उठला नाही की घाबरला नाही. त्यानं फक्त आईचं मनगट सोडलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, शाळेत शिक्षा होणार असलेल्या पोरासारखे. आणि त्यानं त्रिशलाकडं पाहिलंसुद्धा नाही.

पाहिलं असतं तर कदाचित ती ओरडली असती.

ती उठली. म्हातारीच्या गुडघ्यांना घासून पलीकडं गेली, खिडकी आणि तिच्या मधल्या फटीत बसली आणि तिनं ते डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. ते किती जड असेल याची तिला कल्पना नव्हती. खोबरेल तेलाचा आणि औषधांचा वास आला. म्हातारीचा गाल तिच्या गळ्याला लागला, तो गार होता. तिनं जबडा आवळला.

"अज्जीगे एनाग्यद?" म्हातारीला काय झालंय, पोलिसानं विचारलं.

त्रिशलाचं आजोळ चिकोडीकडचं. कन्नड तिला मराठीइतकीच सोपी. मावशी आहे माझी, ती कन्नडमध्ये म्हणाली. दवाखान्यातून नेतोय. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, आत्ताच झोपली. जरा हळू बोला.

पोलीस तरुण होता. त्यानं आवाज उतरवला. हात लांब करून त्यानं खिडकीची झडप अर्धी खाली ओढली, म्हातारीच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. मग मागच्याला तोंडावर बोट ठेवून खूण केली आणि दोघं पाय न वाजवता पुढच्या कप्प्याकडं गेले.

ते दिसेनासे झाल्यावर भरमा म्हणाला, "द्या, मी धरतो."

"असू द्या," ती म्हणाली. हलायची भीती वाटत होती.

चिकोडी रोडला पार्श्वनाथ फलाटावर उभा होता. गाडी थांबायच्या आधीच तो तिला झडपेखालच्या फटीतून दिसला. मागं हात बांधून, मान उंच करून तो पुढच्या डब्यात बायको शोधत होता. उठावं, उतरावं, त्याच्या शेजारी बसून घरी जावं. ना कुणी अडवलं असतं, ना कुणी विचारलं असतं. भरमानं खरंच आपले पाय बाकाखाली ओढून घेतले आणि वाट मोकळी केली.

खांद्यावरचं डोकं सरकलं. तिनं ते दुसऱ्या हातानं सावरलं. सावरेपर्यंत शिट्टी झाली.

फोन वाजला. आता रेंज होती.

"कुठं हाईस गं? गाडी गेली की!"

"रायबागला या."

"रायबागला? झोप लागली व्हय तुला?"

"व्हय," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला खरी भीती वाटली. आतापर्यंत ती नुसती साक्षीदार होती. आता तिनं पोलिसाला खोटं सांगितलं होतं, नवऱ्याला खोटं सांगितलं होतं, आणि हा माणूस कोण हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. रायबागला कुणीच आलं नसलं तर? भरमानं मुकाट्यानं बाकाखालची आपली पिशवी उचलली आणि गर्दीत चालता झाला, तर? मग फलाटावर ती आणि ती म्हातारी. तिनं त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. अभंग असेल, किंवा नुसतं मोजत असेल.

रायबागला भरमानं आईला दोन्ही हातांवर घेतलं, झोपलेलं मूल गाडीतून उतरवतात तसं. त्रिशलानं त्याची पिशवी घेतली आणि मागोमाग उतरली. म्हातारीचा हात लोंबकळत होता. तिनं तो उचलून पोटावर ठेवला, तो पुन्हा घसरला.

फलाट रिकामा होता. एक कुत्रं, पाण्याचा नळ, बाकावर झोपलेला हमाल. गाडी निघून गेली आणि सगळं शांत झालं.

"कुठं हाय तुमची बहीण?" त्रिशलानं विचारलं.

भरमा इकडंतिकडं बघत होता.

फाटकाकडून एक बाई झपाझप येताना दिसली. हातात घोंगडी. लांबूनच ती म्हणाली, "टेम्पो आत सोडंनात म्हणून उशीर झाला बघ, अण्णा. झोपली काय वाटंत?"

मग ती जवळ आली आणि थांबली. लोंबणाऱ्या हाताकडं तिनं पाहिलं. ओरडली नाही. पुढं येऊन तिनं आईची दोन्ही पावलं आपल्या हातांत धरली आणि त्यांना ऊब यावी म्हणून चोळायला लागली. बराच वेळ चोळत राहिली. भरमा तिला थांबवत नव्हता.

त्रिशलानं पिशवी खाली ठेवली. खांदा आता ठणकायला लागला होता.

"आक्का," बाई मान वर न करता म्हणाली, "तुम्ही सोबत हुतासा?"

"होय."

"जाताना काय बोलली?"

त्रिशलानं भरमाकडं पाहिलं. तो नळाकडं बघत होता.

"तुमचं नाव घेतलं," ती म्हणाली.

बाईचे हात थांबले. तिनं वर पाहिलं. "माझं? कसं म्हणाली? नीलम म्हणाली, का नीलव्वा?"

दोन्हींतलं एकच बरोबर असणार होतं, आणि समोरची बाई त्रिशलाच्या ओठांकडं बघत होती.

"नीलव्वा म्हणाली," भरमा म्हणाला. "नीलव्वाच म्हणाली. व्हय न्हवं, आक्का?"

त्रिशलानं मान डोलावली. तेव्हा कुठं नीलम रडली.