अप्पांनी वाकवलेलं मँडोलिन

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कोणी म्हटलं की तुमचं मँडोलिन वाकलंय, तर ते मिशीतल्या मिशीत हसायचे. "वाकलं नाही, वाकवलंय," म्हणायचे. खरंच होतं ते. जन्मभर त्यांनी वाद्यं बनवली, आणि स्वतःसाठी बनवलेल्या या एकाच मँडोलिनच्या वरच्या फळीला त्यांनी तापल्या लोखंडावर मुद्दाम बाक दिला होता, तारा ज्या घोडीवरून जातात तिच्या जरा मागे. त्या बाकामुळे फळी तारांचा ताण पेलते, असं त्यांचं म्हणणं. येणारा-जाणारा नेमका तिथेच बोट ठेवायचा आणि अप्पा त्याची यथेच्छ फिरकी घ्यायचे.

पण यंदा त्यांनी वाजवणंच सोडलं. विचारलं तर म्हणाले, "हात गेले गं माझे. तारा दबतच नाहीत." आणि पेपरात तोंड खुपसलं. सासूबाई गप्प, नवरा गप्प. मला असला मुका शोक मुळीच सहन होत नाही. घर नुसतं खायला उठलं होतं.

एका सकाळी धूळ पुसताना मी सहज एक तार दाबून पाहिली आणि बोट झटकलं. भिजलेल्या चादरी एकटीने पिळणारी बाई मी, पण माझ्याकडूनही ती धड दबेना. मग अप्पांच्या हातांनी काय घोडं मारलं होतं?

"अप्पा, हे वाकलंय."

"मीच वाकवलंय."

"तिथे नाही हो, दुसरीकडे कुठेतरी."

"हं, आता तू शिकव मला!"

मी सरळ नवऱ्याला हाक मारली. तो दारं-खिडक्या करतो. वाकडं लाकूड दिसलं की त्याचं डोकं फिरतं. त्याने पोलादी पट्टी फळीवर आडवी धरली. घोडीमागच्या बाकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्यावरून बापाची बोलणी त्याने लहानपणीच खाल्ली होती. पट्टी सरकवत तो मधल्या भोकापाशी आला, तेव्हा तिच्याखालून उजेड दिसला. फळी तिथे खचली होती. त्यामुळे बोटं जिच्यावर तारा दाबतात ती दांडी पुढे झुकली होती आणि तारा तिच्यापासून उंच उचलल्या गेल्या होत्या.

अप्पांनी चष्मा चढवला. भोकातून बोट घालून आतली आधाराची पट्टी चाचपली. ती हलत होती. मला वाटलं, आता चिडणार. 'मीच वाकवलंय' असं जगाला ऐकवता ऐकवता खरं वाकलेलं त्यांच्याच नजरेतून सुटलं होतं.

"म्हणजे हात नाही गेले माझे," ते हळूच म्हणाले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले, आणि मग मीही पुसले.

बापलेकांनी मिळून फळी उचलून धरली, आतली पट्टी सरसाने चिकटवली. सरस वाळेपर्यंत अप्पांनी येरझाऱ्या घालून सगळ्यांचं डोकं खाल्लं. तारा चढल्या आणि ते जे बसले ते उठेनातच. जेवण दोनदा गरम केलं. तिसऱ्यांदा मी तणतणत बाहेर आले, तर त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. सवय मोडल्यामुळे बोटांची टोकं लालभडक झाली होती.

"बघ, बघ, काय दुखतायत!" म्हणाले, आणि तीच बोटं सासूबाईंना दाखवायला लगबगीने आत गेले.