शेजारचे दोन सिलिंडर

ॲम्ब्युलन्स ट्रॅक्टरला बांधून आणली होती. त्र्यंबकच्या पलीकडे, घाटाखाली असलेल्या एका गावची ती गाडी. गावातल्या मंडळानं जुनी जीप घेऊन तिची ॲम्ब्युलन्स करून घेतली होती, आणि गेली सहा वर्षं तिचं सगळं काम नाशिकमधल्या सातपूरला संघर्ष गांगुर्डेच्या गॅरेजमध्ये होत होतं.

ट्रॅक्टरवरून पंचेचाळिशीची एक बाई उतरली. भागुबाई. आईचं तेरावं उरकून दुसऱ्याच दिवशी ती आली होती. ॲम्ब्युलन्सच्या स्टेअरिंगवर बसलेला ड्रायव्हर कारभारी खाली उतरला, पण आत आला नाही. फाटकापाशीच उभा राहिला.

"रिपेरीचं नंतर बघा," भागुबाई म्हणाली. "आधी मला सांगा, ही बंद कशानं पडली. गाव म्हणतं, यानं पाणी न बघता पळवली, इंजिन उकळलं. हा म्हणतो, पाणी होतं. माझी आई घाटात दीड तास पडून व्हती. मला खरं काय ते पायजे."

घडलं होतं ते एवढं. भागुबाईच्या आईच्या, नवसाबाईंच्या छातीत कळ आली म्हणून कारभारीनं दुपारी चारला गाडी काढली. घाटाच्या मध्यावर गाडीची ओढच गेली. मागून पांढराफटक धूर निघाला, इंजिन थडथडलं आणि बंद पडलं. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. तिथं फोन लागत नव्हता. दुसरी गाडी मिळून सिव्हिलला पोहोचेपर्यंत म्हातारी गेली होती. आधी आणलं असतं तर वाचली असती का, असं भागुबाईनं डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, एवढंच ते म्हणाले.

मोटरसायकलवरून मागे येणाऱ्या दोघांनी तो धूर पाहिला होता. वाफ होती, असं त्यांनी गावात सांगितलं. मंडळानं कारभारीला कामावरून काढलं. आज स्टेअरिंग धरायला दुसरं कुणी नव्हतं म्हणूनच तो आला होता. तो गिरणीत दळण घेऊन गेला की तिथली बोलणी थांबायची.

संघर्षनं रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं.

"ते मागून भरलं असंल," भागुबाई म्हणाली.

"असू शकतं. यावरून काही ठरत नाही."

त्यानं डिझेल फवारणारी चारही नोझल काढली, चार्ज केलेली बॅटरी जोडली आणि पहिल्या भोकात गेज बसवला. सेल्फ मारला. काटा सरसर चढला आणि अठ्ठावीसवर थांबला. दुसऱ्यात तो नऊपर्यंत कसाबसा गेला. तिसऱ्यात आठ. चौथ्यात पुन्हा सत्तावीस.

भागुबाई खुर्ची सोडून जवळ आली. "हे काय मोजता?"

"इंजिनाचा दम. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, ताई. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. दाब नसेल तर पेटत नाही. कच्चं डिझेल तसंच मागून बाहेर पडतं, पांढरा धूर होऊन."

"पांढरा?"

"लांबून बघणाऱ्याला वाफच वाटेल."

भागुबाईनं फाटकाकडे पाहिलं. कारभारीनं ऐकलं होतं, पण तो हलला नाही.

संघर्ष पुढे म्हणाला, "सगळ्याच सिलिंडरांचा दम थोडाथोडा कमी असता, तर इंजिन झिजलंय म्हटलं असतं. एकाचाच गेला असता तर त्याचा व्हॉल्व्ह असेल किंवा रिंगा असतील. पण शेजारशेजारचे दोनच गेलेत. बहुतेक मधली भिंत फुटलीय." त्यानं दुसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वर आणला आणि त्या भोकात कॉम्प्रेसरची हवा सोडली. तिसऱ्या भोकातून सुसाट आवाज आला. त्यानं भागुबाईला तिथं हात धरायला सांगितलं. तिच्या तळव्यावर वारा लागला. रेडिएटरच्या पाण्यात मात्र एकही बुडबुडा नव्हता, म्हणजे पाण्याची बाजू शाबूत होती.

"गॅस्केट गेलंय, हेडखालचं पॅकिंग, दोन सिलिंडरांच्या मधलं," तो म्हणाला. "हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून बघू."

हेड उतरवायला दोन तास गेले. गॅस्केटवर दोन आणि तीन नंबरच्या मध्ये बोटभर पट्टी जळून गेली होती. संघर्षनं हेड पालथं घातलं, पुसलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि एक पातळ पातं मधल्या फटीत सरकवलं. पातं न अडकता आरपार गेलं. हेड वाकलेलं होतं.

तो पातं हातात धरून तसाच बसला.

"काय झालं?" भागुबाईनं विचारलं.

"हेड वाकलंय."

"ते कशानं वाकतं?"

"इंजिन तापल्यानं."

भागुबाईनं वळून कारभारीकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला. "म्हणजे तापलंच व्हतं," ती म्हणाली. "गाव म्हणत व्हतं तसंच."

इतके दिवस तेच तेच सांगून कारभारीचं बोलणं संपलं होतं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला.

संघर्ष नुसता गप्प बसला असता तरी चाललं असतं. गाडी तिथून निघून गेली असती, आणि हेड कधी वाकलं हे पुन्हा कुणी विचारलं नसतं. ते त्याला एकट्याला ठाऊक होतं. श्रावणात रबरी पाइप फुटून हीच गाडी तापली होती. कारभारीनं ती जागीच थांबवून ओढत आणली होती. त्या वेळीही संघर्षनं अशीच पट्टी ठेवली होती आणि हेच पातं असंच आरपार गेलं होतं. हेड घासून सपाट करायला अंबडच्या वर्कशॉपला पाठवायला हवं होतं. पण तो शनिवार होता, वर्कशॉप दोन दिवस बंद राहणार होतं, आणि सोमवारी त्र्यंबकच्या गर्दीसाठी मंडळाला गाडी हवी होती. चालेल महिनाभर, मग बोलावून घेऊ, असं म्हणत त्यानं नवं गॅस्केट टाकून हेड आवळलं होतं. कारभारीला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नंतर दुसरी कामं आली आणि ते राहून गेलं.

"ताई, बसा," तो म्हणाला.

"आता काय बसायचं?"

"हे आत्ता वाकलेलं नाही. श्रावणात वाकलं होतं. मी मोजलं होतं तेव्हा."

भागुबाईला पटकन समजलं नाही. मग समजलं. "मोजलं व्हतं? आणि तसंच बसवलं?"

"हो."

"का?"

त्यानं शनिवारचं सांगितलं, बंद वर्कशॉपचं सांगितलं. सांगता सांगता ते किती थोडं आहे हे त्याचं त्यालाच जाणवलं आणि तो मध्येच थांबला. "घाई होती म्हणून नाही," तो म्हणाला. "मंडळाला मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. कारभारीची काही चूक नाही. पाणी आटल्याची दुसरी एकही खूण इंजिनात नाही."

भागुबाई रडली नाही, ओरडलीही नाही. ती फाटकापाशी गेली आणि कारभारीसमोर उभी राहिली. "मी तुला माझ्या दारातून परत धाडलं," ती म्हणाली. "आईच्या दहाव्याला आला व्हतास."

"जाऊ दे, आक्का."

"नाय. कसं जाऊ दे?" मग संघर्षकडे वळून ती म्हणाली, "हे तुम्ही मला सांगितलं. गावात कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतील, हिला दया आली."

"मी येतो," संघर्ष म्हणाला.

रविवारी तो गेला. शाळेच्या व्हरांड्यात पन्नासेक माणसं जमली होती. तो जळकं गॅस्केट सोबत घेऊन गेला होता, ते हातोहात फिरलं. सकाळपासून मनाशी जुळवलेली वाक्यं त्याला तिथं आठवली नाहीत. गाडी कशी बंद पडली, हेड कधी वाकलं, कुणाला माहीत होतं, तेवढंच तो सरळ बोलला. एक म्हातारा उठून म्हणाला, "म्हणजे बाई तुझ्यामुळं गेली." संघर्षनं मान खाली घातली नाही. "गाडी माझ्यामुळं बंद पडली," तो म्हणाला. "बाकीचं डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, मलाही येणार नाही. पण त्या दीड तासाला मीच जबाबदार आहे."

तो निघाला तेव्हा कुणी चहा घेऊन जा म्हटलं नाही, आणि त्यानंही ती अपेक्षा केली नव्हती.

हेड अंबडहून सपाट होऊन आलं. त्यानं नवं गॅस्केट टाकून हेड आवळलं आणि चारही सिलिंडर कारभारीसमोर मोजून दाखवले. कारभारीनं चारही आकडे पाहिले, किल्ली घेतली आणि गाडी घेऊन गेला. मंडळानं त्याला परत कामावर घेतलं होतं. मोटरसायकलवरच्या त्या दोघांपैकी एक जण आता कधीमधी त्याच्यासोबत गाडीत असतो.

ॲम्ब्युलन्स मात्र नंतर सातपूरला आली नाही. ती पंचवटीतल्या एका गॅरेजला जाते असं संघर्षच्या कानावर आलं. दोन महिन्यांनी एकदा ती त्याला त्र्यंबक रोडवर समोरून येताना दिसली, सायरन वाजत होता. त्यानं स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि ती पार दिसेनाशी होईपर्यंत इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहिला.